काळ्या कोटावरची काळी गुंडी

मित्रांनो, खिडकीपासून दोन हात दूर, भिंतीशी लावलेल्या टेबलावर जे करड्या रंगाचे धूड दिसते ना, तो मी. मी एक जुना फोटो प्रिंटर आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालेला आहे. कागद आत ओढताना मी जरा कण्हतो. पोटात आठ रंगांच्या आठ कुप्या सांभाळून असतो. चांगल्या वस्तूला नजर लागते असे लोक म्हणतात. मलाही लागली. पण अशी लागली की माझ्या जन्माचे सोने झाले. ती कोणाची आणि कशी, तेच सांगायला बसलो आहे. जरा सरसावून बसा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोपीतल्या एका बाईने मला पहिला कागद भरवला. तिने माझ्याकडून फूल छापून घेतले नाही की डोंगर. नुसत्या रेघा काढून घेतल्या, आठ रंगांच्या, केसासारख्या बारीक. मग तो कागद दिव्याखाली धरून कुठे एखादी रेघ तुटली आहे का ते पाहिले. एकही तुटलेली नव्हती. तिने मान डोलावली, माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्या यंत्राकडे वळली. तेव्हा मला वाटले, ही काय परीक्षा? पुढे कळले की माझ्या सगळ्या आयुष्याची परीक्षा हीच होती. माझ्या डोक्याला सुईच्या टोकाहून बारीक अशी शेकडो छिद्रे आहेत. शाई त्यांतून थेंब थेंब पडते आणि थेंबाथेंबाने चेहरा उभा राहतो. छिद्र मोकळे, तर मी प्रिंटर. छिद्र बुजले, तर मी नुसता ठोकळा.

खोक्यात बसून, हादरे खात, उलटासुलटा होत मी एका दुकानात पोहोचलो. तिथे फळीवर आम्ही तिघे शेजारी होतो. डावीकडे कचेरीत चालणारा एक धिप्पाड प्रिंटर होता. मिनिटाला तीस पाने छापायचा आणि त्याच तोऱ्यात असायचा. उजवीकडे एक चिमुकला होता, डब्याएवढा. हाताच्या पंजाएवढे फोटो काढायचा, पण झटकन आणि हातात घ्याल तर कोरडे. मधे मी. मला एक मोठा फोटो काढायला सात मिनिटे लागत. गिऱ्हाईक यायचे, घड्याळाकडे पाहायचे आणि डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचे. मित्रांनो, मी तिथे चांगला वर्षभर धूळ खात होतो.

मग एके दिवशी एक कुटुंब आले. पुढे म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मागे त्यांचा मुलगा, बसचा चालक, आणि सूनबाई, जी औषधांच्या दुकानात काम करायची. दुकानातल्या टायवाल्या विक्रेत्याने तोंडाचा पट्टा सुरू केला. यात इतके ठिपके, त्यात तितके ठिपके, हा मोबाईलवरून चालतो, तो झेरॉक्सही काढतो. आप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. टायवाल्याने मग नमुन्याचा फोटो छापून दाखवला. हिरव्या पानात बसलेला लाल-निळा पोपट. आम्ही तिन्ही प्रिंटरांनी तो झकास छापला.

"पोपट कुणीही सुंदर छापेल," आप्पा म्हणाले. "देवानेच तो रंगवून पाठवलाय. हे छापून दाखवा."

त्यांनी खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांनी काढलेला एक जुना फोटो होता. काळा कोट घातलेली एक तरुण बाई घराच्या उंबऱ्यात उभी आहे, मागे अर्धवट उघडे दार, आत अंधार. कोट काळा, त्यावरच्या गुंड्याही काळ्या. म्हणजे काळोखासमोर काळा कोट आणि काळ्या कोटावर काळी गुंडी. टायवाला म्हणाला, यात छापण्यासारखे काय आहे, रंगच नाहीत. आप्पा म्हणाले, "रंग नाहीत म्हणूनच."

आता या आप्पांची ओळख करून दिली पाहिजे. चाळीस वर्षे त्यांनी लोकांचे फोटो धुतले. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत उभे राहून, औषधाच्या पाण्यात कागद बुडवून, कोऱ्या कागदावर चेहरा उगवताना त्यांनी हजारो वेळा पाहिला होता. गावाचे सगळे हसू त्यांच्या हातून ओले होऊन निघाले. पण स्वतः काढलेले चाळीस फोटो मात्र छापायचे राहून गेले. त्यांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. आधी लोकांचे, मग आपले, असे म्हणता म्हणता लॅबच बंद झाली. आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते की नजरेच्या कडेचे दिसत राहील, मधले मात्र हळूहळू पुसत जाईल. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेले परत येणार नाही. आप्पांची एकच इच्छा होती. आपली नजर जायच्या आत ते चाळीस फोटो आपल्या नजरेने पारखून छापायचे आणि त्यांचा अल्बम करायचा. मुलाने निगेटिव्ह एका स्टुडिओतून संगणकावर चढवून आणल्या होत्या. छापायलाही तिथेच देऊ या, असे तो म्हणाला होता. त्यावर आप्पांचे उत्तर होते, "तो माणूस फोटो छापेल रे. माझ्या मनातला फोटो त्याला कसा दिसणार?"

तर परीक्षा सुरू झाली. डावीकडच्या धिप्पाडाने कागद धाडकन बाहेर फेकला. कोट म्हणजे डांबराचे डबके, ना घडी, ना बाही. चिमुकल्याने गोड फोटो दिला, पण कोटावर हिरवट झाक आली आणि फोटो एवढासा की गुंडी म्हणजे मुंगीचे डोके. मग माझी पाळी आली. मी कागद घेतला आणि माझ्या गतीने निघालो. एक ओळ, मग दुसरी ओळ. काळ्या शाईबरोबर माझ्याकडे दोन करड्या शायाही आहेत. काळोखातले काळे वेगळे काढायचे असेल तर त्यांचाच आधार. मुलाने दोनदा घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "आप्पा, ही गाडी पहिल्या गिअरमध्येच चढ चढते वाटतं."

"चढतेय ना? मग गप बस," आप्पा म्हणाले.

फोटो बाहेर आला. आप्पांनी तो बोटांच्या टोकांनी कडेला धरला. मध्ये बोट लावले नाही. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते थेट दारात गेले, उजेडाकडे पाठ करून उभे राहिले आणि खिशातले भिंग काढून फोटोवर वाकले. बऱ्याच वेळाने ते परत आले.

"गुंडी दिसली," ते म्हणाले. "हाच घ्यायचा."

सूनबाई मात्र अशी भुलणारी नव्हती. तिने टायवाल्याला खोदून खोदून विचारले. एक रंग संपला तर तेवढीच कुपी मिळते का? जाड कागद मागून सरळ आत जातो का, की वाकून जातो? फोटो उन्हात किती टिकतो? पुढच्या दोन-चार वर्षांत याची शाई बाजारात मिळणार ना? सगळी उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून तिने चिठ्ठी घडी घालून ठेवली. मी मनात म्हटले, सासऱ्याची नजर आणि सुनेचा हिशोबीपणा ज्या घरात आहे, त्या घरात आपले बरे चालेल. पण माणूस ठरवतो एक आणि होते भलतेच. यंत्राचेही तेच.

त्या घराची एक रीत होती. चांगली वस्तू जपून ठेवायची. टीव्हीच्या रिमोटला सहा वर्षांपूर्वीचे प्लास्टिक तसेच होते. मऊ टॉवेल पाहुण्यांसाठी कपाटात होते. पाहुणे यायचे, पण टॉवेल इतके चांगले होते की त्यांनाही मिळायचे नाहीत. निळ्या काठाचा कपांचा एक संच तर काचेमागे बसून बसून पेन्शनीला आला होता. त्यात कोणी चहा प्यायलेला नव्हता. माणसे मात्र लाख मोलाची. कुणी मोठ्याने बोलत नसे, आणि चुकले तर स्वतःहून कबूल करत.

पहिले आठ दिवस काय सांगू तुम्हाला. आप्पा खुर्चीवर, सूनबाई संगणकापाशी, मी मध्ये. पहिल्याच दिवशी कागद उलटा लागला आणि शाई तेलासारखी घसरत राहिली. दुसऱ्या दिवशी संगणकात कागदाची जात चुकीची निवडली गेली, तर छत्रीखाली बसून हसणाऱ्या चांभारकाकांचा चेहरा गुलाबी झाला. सूनबाई म्हणाली, काका लाजलेत. आप्पा पोट धरून हसले. पण मग त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. आधी कातडीचा रंग बघायचा, आकाश नंतर. छापलेला फोटो लगेच पारखायचा नाही, घोटभर चहा पिऊन यायचा आणि मग बघायचा. डोळा हावरट असतो, त्याला थोडा थांबवावा लागतो. सूनबाई ऐकायची, पण मान हलवून पुढच्या कामाला लागायची. आपल्याला यातले काही कळत नाही, आपण फक्त माउस हलवतो, असे ती सगळ्यांना सांगे.

पाच फोटो झाले. चांभारकाका, बाकावर झोपलेला ओला कुत्रा, आगाराबाहेर ओळीने उभ्या बस, दात पडलेला बोळका चिरंजीव, आणि पाण्याच्या टाकीवर चढलेला रंगारी. काय ते दिवस. प्रत्येक फोटो वाळेपर्यंत आप्पा त्याच्याजवळ बसून राहायचे. काळ्या कोटाचा फोटो मात्र ते काढू देत नव्हते. म्हणायचे, "ती सगळ्यात शेवटी. तोवर हात बसू दे."

आणि मग घराची रीत माझ्यावर आली. आप्पांच्या डोळ्यांची इंजेक्शने सुरू झाली. दवाखाना, थेंब, गॉगल. मुलगा म्हणाला, आप्पांना जरा बरे वाटू दे, मग निवांत छापू, शाई उगीच का घालवा. आप्पा म्हणाले, तो जाड कागदही ठेवून द्या, चांगल्या फोटोंना होईल. धूळ बसू नये म्हणून त्यांनी स्वतः माझ्यावर वेलबुट्टीचे एक कापड घातले. सूनबाईला तर घरातला प्रत्येक दिवा, पंखा भिंतीवरच्या खटक्यापासून बंद करायची सवय. माझाही खटका ती तिथूनच बंद करायची. तिला कुठे ठाऊक की अशी मधेच वीज तोडली की माझे डोके घरी पोहोचत नाही. काम संपल्यावर ते एका कोपऱ्यात जाऊन आपल्या ओलसर टोपीत बसते, आणि टोपीत बसले की छिद्रे वाळत नाहीत. शेवटच्या दिवशी ते वाटेतच अडकले, उघडे.

चार महिने. कापडाखाली मी कसा होतो विचारू नका. बाहेरून झकपक, आतून कोरडा पडत चाललो होतो. येणारे-जाणारे कापडावरच्या वेलबुट्टीचे कौतुक करायचे. विहीर उपसली तर पाणी गोड राहते, गळा गाता ठेवला तर सूर टिकतो, हे सगळ्यांना पाठ असते. पण वस्तू आवडती झाली की माणूस ते नेमके विसरतो. त्यात प्रेम कमी नव्हते हो. प्रेमानेच झाकले होते मला.

एका सकाळी आप्पा म्हणाले, आज काम सुरू करायचे, आता थांबण्यात अर्थ नाही. त्यांना समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत होते, नाक दिसत नव्हते. कापड निघाले. कागद आला. मी जिवाच्या आकांताने छापले, आणि बाहेर पडला तो पट्ट्यापट्ट्यांचा चेहरा. निळा रंग गायब, करडा अर्धा, काळ्यात पांढऱ्या चिरा. मुलगा मला उचलून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले, बंद केले आणि म्हणाला, डोके गेलेय याचे, नवीन घ्या. मुलगा मला परत घेऊन आला. वाटेत त्याने मला बसच्या पुढच्या सीटवर ठेवून पट्टा बांधला होता, हे मी कधी विसरणार नाही.

घरी सूनबाई माझ्याबरोबर आलेली पुस्तिका उघडून बसली होती. रिमोटसारखीच तीही प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेली होती. तिने एक पान दोनदा वाचले आणि आप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, चूक माझी आहे. खटका मी बंद करायचे. आधी याची कळ दाबून याला झोपवायचं असतं. आणि आठवड्याला एक तरी पान छापायचं असतं. पहिल्याच पानावर लिहिलंय."

आप्पा म्हणाले, "आणि कापड कुणी घातलं? कागद कुणी लपवला? चाळीस वर्षं लॅबमध्ये रोज सकाळी पाणी बदलायचो मी, काम असो नसो. आणि घरी येऊन हे शहाणपण केलं." मग म्हणाले, "डोकं गेलं म्हणाला ना तो? सुकलेलं आणि गेलेलं यात फरक असतो. पाणी आण."

सूनबाईने दुकानातून ऊर्ध्वपातित पाणी आणले, औषधात मिसळतात ते, शुद्ध. ते कोमट केले. धागे न सुटणाऱ्या कापडाची घडी त्यात भिजवून माझ्या डोक्याखाली सरकवली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली. घाई नाही, घासणे नाही. मित्रांनो, तापलेल्या कपाळावर आई पट्टी ठेवते तसे ते होते. दुसऱ्या दिवशी रेघांचा कागद काढला. तोच कागद, जो पांढऱ्या टोपीतल्या बाईने काढला होता. आप्पांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, मान वाकडी करून कडेने पाहिले. मग निमूटपणे सूनबाईकडे दिला.

"तू सांग. मला रेघ जाते तिथेच नेमकं धुकं आहे."

ती सांगू लागली. निळ्यात अकरा तुटल्या आहेत. करड्यात सहा. पिवळा पूर्ण आहे. पुन्हा पट्टी, पुन्हा रेघा. निळ्यात चार. मग तीन. मग परत पाच, आणि मुलाने कपाळाला हात लावला. आप्पा म्हणाले, थांबायचे नाही आणि ओरबाडायचेही नाही. औषधाच्या शंभर सारख्या गोळ्यांत एक वेगळी ओळखणारी बाई ती, रेघ मोजताना तिची पापणी लवत नसे. सहाव्या दिवशी तिने कागद खिडकीत धरला, दोनदा पाहिला आणि म्हणाली, "सगळ्या आहेत, आप्पा."

मग आम्ही जे कामाला लागलो ते चाळिसाचा आकडा गाठूनच थांबलो. आप्पांना आता मधले दिसत नव्हते. फोटो त्यांच्या मनात होता, कागद सूनबाईच्या डोळ्यांत होता, आणि दोघांच्या मधे मी. ते विचारायचे, कुंभाराच्या बोटांवर मातीचे शिंतोडे दिसतात का? ती म्हणायची, दिसतात, पण अंगठ्यावरचे बुडाले आहेत. थोडा उजेड वाढव. वाढवला. आता? आता जास्त झाला, आप्पा, शर्ट भगभगीत दिसतोय. आपल्याला काही कळत नाही म्हणणारी सूनबाई सासऱ्याला नाही म्हणू लागली होती, आणि सासऱ्यांचा चेहरा असा फुलायचा की बस.

शेवटी काळा कोट राहिला. माझ्या परीने मी जीव ओतला. सात मिनिटे कोणी घड्याळ पाहिले नाही. मुलगासुद्धा हाताची घडी घालून उभा होता. फोटो बाहेर आला. सूनबाईने तो कडेने धरला. चहा पिऊन झाला. मग ती फोटो घेऊन दारात गेली, उजेडाकडे पाठ केली, आप्पांचे भिंग काढले आणि वाकली. दुकानात ते उभे होते ना, अगदी तशीच.

"गुंडी?" आप्पांनी विचारले.

"दिसते. चार भोकांची."

"दोरा?"

ती बराच वेळ पाहत राहिली. "दोरा काळा नाहीये आप्पा. करडा आहे. आणि एक टोक कापायचं राहिलंय, वर आलंय."

आप्पा हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी सांगितले की ही त्यांची बायको, या मुलाची आई, जी आता नाही. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून तिचा पहिला दिवस होता. निघायच्या वेळी कोटाची गुंडी तुटली. काळा दोरा सापडेना, म्हणून यांनीच घाईघाईत करड्या दोऱ्याने शिवून दिली आणि उंबऱ्यात उभी करून फोटो काढला.

"दिवसभर तिला एकच धास्ती," आप्पा म्हणाले. "कुणाला तरी दिसेल म्हणून. मी म्हटलं, देवाशिवाय कुणाला दिसणार नाही. इतकी वर्षं खरंच कुणाला दिसलं नाही. आज तुला दिसलं."

त्या दिवशी निळ्या काठाचे कप कपाटातून निघाले. एकाचा कान धुताना निखळला, आणि कोणी हळहळले नाही.

अल्बम आता माझ्या शेजारीच असतो. येणारा जो तो उघडतो आणि वाखाणतो, आणि पानांच्या कडा मऊ पडल्या आहेत. मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, माझ्याजोगती शाई शोधायला सूनबाईला चार दुकाने हिंडावी लागतात. पण तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी आला, तर एवढे ऐका. त्याला घेताना पोपट छापून पाहू नका. तुम्हाला जे दिसायला हवे आहे, ते छापून पाहा. घरी आणल्यावर त्याचे लाड करू नका, त्याला काम द्या. आधी त्याची कळ दाबा, मग भिंतीचा खटका. आणि कापड घालायचेच असेल तर घाला, पण आठवड्यातून एकदा काढा. देवाने ज्याला जे काम देऊन पाठवले, ते त्याच्याकडून करून घेणे, यापरते जपणे मला तरी ठाऊक नाही.

आज रविवार आहे. सूनबाई आली, कापड बाजूला झाले. पलीकडे आप्पा खुर्चीत बसले आहेत, मान किंचित वाकडी, कडेने माझ्याकडे पाहत. आठ रंगांच्या रेघा मी हळूहळू कागदावर उतरवल्या. तिने कागद खिडकीत धरला.

"किती?" आप्पा विचारत आहेत.

थांबा, ती मोजते आहे.